इंजिनांतील पाणी : त्याची निगा व बदल

शेतकरी आपल्या बैलास पाण्यावर नेतो तेव्हां आधीं त्या पाण्याकडे पाहतो. पाणी गढूळ असलें किंवा त्यावर शेवाळ धरलेलें असलें, तर बैल कितीही तहानेला असला तरी तो दावें आंखडून धरतो. तोच शेतकरी आपल्या ट्रॅक्टराच्या रेडिएटरांत पाणी ओततांना मात्र तें कोणत्या विहिरीचें, कोणत्या बादलींतलें, गोडें कीं खारें, याचा विचार करीत नाहीं. बैलजोडीच्या कितीतरी पट किंमतीचें हें जनावर. पण नकोसें पाणी पुढें आलें असतां तोंड फिरवून घेण्याची सोय त्यास नाहीं. जें ओतावें तें तें निमूटपणें पितें आणि त्याचा हिशेब पुढें एकदम मागतें.

या विषयावर लिहिण्याचा अधिकार आम्हांस नाहीं, हें आम्ही प्रथमच कबूल करतों. आम्ही यंत्रशास्त्राचे पदवीधर नव्हों. आमचें आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनींत, खातेउतारे व फेरफार यांच्या संगतींत गेलें. परंतु या एका बाबतींत आम्हीं शिकवणीची फी पुरेपूर भरली आहे, आणि तिची पावती वाचकांपुढें ठेवणें हें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

घडलेली हकीकत

आमची शेती पूर्णा नदीच्या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्यांत आहे. अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून हा पट्टा पसरलेला असून येथील जमिनीखालचें पाणी खारें आहे. तें पिण्यास चालत नाहीं, ओलितासही बहुधा चालत नाहीं. पण इंजिनास चालतें अशी आमच्याकडे पुष्कळांची समजूत आहे. आमचीही होती.

सन २०१९ सालीं पाऊस लांबला. जूनच्या अखेरीस वाफसा आला आणि गांवांत पेरणीची एकच धांदल उडाली. आम्ही तेव्हां नोकरींत होतों. ट्रॅक्टर गांवांतील एका तरुण, मेहनती ड्रायव्हरच्या हातीं सोंपवून आम्ही कचेरींत बसत असूं. इंजिन किती तापलें हें दाखविणारा कांटा वर्षभर बंद पडलेला होता. रेडिएटरांतील पाणी रोज तांब्या-दोन तांबे कमी होत होतें. त्या मुलानें ही गोष्ट दोन-तीनदां आमच्या कानांवर घातलीही. परंतु ‘उन्हाळा आहे, पाणी कमी व्हावयाचेंच’ असें सांगून आम्हीं विषय मिटविला.

पेरणीच्या तिसऱ्या दिवशीं, भर दुपारीं, इंजिनांतून वाफ निघूं लागली. मुलगा घाबरला. त्यानें इंजिन बंद केलें, हातांत फडकें धरून रेडिएटरचें झांकण फिरविलें, आणि उकळत्या पाण्याचा फवारा त्याच्या उजव्या हातावर व छातीवर उडाला. तेवढ्यांत शेजारच्या धुऱ्यावरून कोणी धांवत आला आणि त्यानें मदतीच्या भावनेनें घागरभर थंड पाणी त्या तापल्या इंजिनांत ओतलें. हेडला चीर गेली.

मुलगा पंधरा दिवस दवाखान्यांत राहिला. ट्रॅक्टर वीस दिवस मिस्त्रीकडे राहिला. मध्यंतरीं पावसानें झड धरली, आमच्या काळ्या जमिनींत पाय ठेववेना, आणि उरलेलें सोयाबीन आम्हीं शेवटीं भाड्याच्या ट्रॅक्टरानें, पंधरवडाभर उशिरां पेरलें. त्या तुकड्यांत काय पिकलें हें सांगण्यासारखें नाहीं.

मिस्त्रीनें हेड उतरविल्यावर आम्हांस बोलावून घेतलें. पाण्याच्या वाटा पांढऱ्या खवल्यांनीं दाटून गेलेल्या होत्या, आणि लायनरच्या बाहेरच्या अंगावर देवीच्या वणांसारखे बारीक खोल खड्डे पडलेले होते. मिस्त्री म्हणाला, “भाऊसाहेब, इंजिनानें वर्षभर अर्ज दिले; तुम्हीं एकही वाचला नाहीं.” लोकांचे अर्ज वाचण्यांत ज्याचा जन्म गेला त्यास याहून कठोर शेरा कोणता मिळावा? त्या दिवसापासून आम्हीं या विषयाचा अभ्यास आरंभिला.

इंजिनास पाणी कशासाठीं लागतें

डिझेल जळून जी उष्णता उत्पन्न होते, तिचा सुमारें एक तृतीयांश भागच नांगर ओढण्याच्या कामीं येतो. जवळजवळ तितकाच भाग धुराबरोबर निघून जातो, आणि बाकीच्यांपैकीं बहुतेक उष्णता पाण्यावाटें बाहेर काढावी लागते. ती काढली नाहीं तर तेल पातळ होऊन पिस्टन लायनरला घासूं लागतो आणि शेवटीं इंजिन जाम होतें.

पाण्याचा फेरा असा आहे. पंप पाणी ढकलतो; तें लायनरच्या भोंवतीं व हेडमधून फिरून तापतें; वरच्या नळींतून रेडिएटरांत येतें; तेथील बारीक नळ्यांतून उतरतांना पंख्याच्या वाऱ्यानें निवतें; आणि खालच्या नळींतून पुन्हां पंपाकडे जातें. वाटेवर थर्मोस्टॅट नांवाचा एक पहारेकरी बसविलेला असतो. इंजिन थंड असेपर्यंत तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो आणि पाणी सुमारें ८० अंश तापलें कीं उघडतो. याचें कारण असें कीं, इंजिनास अति थंडपणाही मानवत नाहीं. थंड इंजिनांत डिझेल अपुरें जळतें, तेलांत मिसळतें आणि झीज वाढवितें.

रेडिएटरचें झांकण हें साधें बूच नव्हे. तें आंतील दाब धरून ठेवतें. दर चौरस इंचास सुमारें १३ पौंड दाबाचें झांकण असलें, तर आंतील साधें पाणी १०० अंशांवर न उकळतां सुमारें ११८ अंशांवर उकळतें. म्हणूनच तापलेल्या इंजिनाचें झांकण उघडतांच दाब एकदम नाहींसा होतो आणि शांत दिसणारें पाणी क्षणार्धांत उसळतें. आमच्या ड्रायव्हरास भाजलें तें यामुळें. झांकणाचें रबर झिजलें तर दाब टिकत नाहीं, पाणी लवकर उकळतें व वाया जातें. अशा वेळीं झांकण बदलावें, आणि नव्या झांकणावरील दाबाचा आंकडा जुन्याशीं ताडून पाहावा.

हवेनेंच थंड होणारीं इंजिनेंही असतात. सन १९५९ मध्यें फरीदाबाद येथें तयार झालेला आयशर ट्रॅक्टर त्याच जातीचा होता. ज्यांच्याकडे तशीं इंजिनें आहेत त्यांनीं पंखा व पंखाकृति पत्रे स्वच्छ ठेवले म्हणजे झालें. पुढील विवेचन इतरांसाठीं आहे.

नुसत्या पाण्याचे दोष

पहिला दोष खवल्यांचा. विहिरीच्या पाण्यांत चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी तापलें कीं ते सुटे होऊन लोखंडावर बसतात. घरांत पाणी तापविण्याच्या बंबांत जो पांढरा थर धरतो, तोच हा. हा थर लोखंडाच्या मानानें उष्णतेस वीस पटींहून अधिक अडवितो. म्हणजे एक मिलिमीटर खवला चढला, तर जणूं दोन सेंटिमीटर जाडीची लोखंडी भिंत अधिक बांधल्यासारखें होतें. रेडिएटरांतील पाणी त्या वेळीं फारसें तापलेलें दिसत नाहीं, पण भिंतीपलीकडचें लोखंड भाजून निघत असतें.

दुसरा दोष गंजाचा. पाणी, हवा व लोखंड एकत्र आलीं कीं गंज होणारच. त्यांत मीठ असलें तर तो दुपटीनें चालतो, आणि अॅल्युमिनियमचे भाग तर मिठाच्या पाण्यानें लवकर खाल्ले जातात. गंजाचा लाल गाळ रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसून वाट बंद करतो.

तिसरा दोष लायनरवरील खड्ड्यांचा. पुष्कळ डिझेल इंजिनांत लायनरच्या बाहेरच्या अंगास थेट पाणी लागलेलें असतें. डिझेलच्या प्रत्येक स्फोटाबरोबर लायनर थरथरतो, त्याच्या अंगालगत वाफेचे सूक्ष्म बुडबुडे होतात व लगेच फुटतात. प्रत्येक बुडबुडा फुटतांना सुईच्या टोंकाएवढा घाव घालतो. असे अगणित घाव बसून शेवटीं लायनर आरपार होतो आणि पाणी तेलांत शिरतें. नुसत्या पाण्यांत हा घाव अडविणारें कांहींच नसतें.

कूलंट म्हणजे काय

बाजारांत कूलंट म्हणून जो रंगीत द्रव मिळतो त्याचा मुख्य घटक बहुधा एथिलीन ग्लायकॉल हा असतो. वुर्ट्झ नांवाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें १८५६ सालीं तो प्रथम तयार केला. थंड देशांत इंजिनांतील पाणी गोठून फुटूं नये म्हणून तो वापरण्यांत येऊं लागला; निम्मा ग्लायकॉल व निम्मे पाणी असें मिश्रण शून्याखालीं सुमारें ३७ अंशांपर्यंत गोठत नाहीं. आमच्या वऱ्हाडांत पाणी गोठण्याचें भय नाहीं, तेव्हां हा खर्च कशास, असें पुष्कळजण विचारतात. त्याचीं उत्तरें दोन. एक, तेंच मिश्रण उघड्या भांड्यांत सुमारें १०७ अंशांवर उकळतें आणि दाबाच्या झांकणाखालीं त्याहूनही पुष्कळ वर. दुसरें व अधिक महत्त्वाचें असें कीं, त्यांत गंज, खवले व लायनरवरील खड्डे यांस आळा घालणारीं द्रव्यें मिसळलेलीं असतात. आम्हां उष्ण प्रदेशांतील लोकांस कूलंट हवें तें या दुसऱ्या गुणासाठीं.

हीं द्रव्यें काम करतां करतां संपतात. म्हणूनच कूलंट वरून स्वच्छ दिसलें तरी त्याचें आयुष्य ठरलेलें असतें. जुन्या पद्धतीचें कूलंट सामान्यतः दोन वर्षांनीं बदलतात. सेंद्रिय आम्लांपासून केलेलें नव्या पद्धतीचें पुष्कळदां पांच वर्षांपर्यंत चालतें. आपल्या इंजिनासाठीं नेमका काळ व तास हे मालकाच्या पुस्तिकेंत दिलेले असतात. त्यांपैकीं जें आधीं भरेल तें प्रमाण मानावें.

रंगावरून जात ओळखूं नये. हिरवें, निळें, तांबडें हे रंग कारखानदार आपल्या मर्जीनें घालतो. दोन जातींचीं कूलंटें एकत्र केलीं तर त्यांतील द्रव्यें एकमेकांस निकामी करतात, कधीं कधीं चिकट गाळही होतो. डब्यावरील मजकूर वाचावा, भारतीय मानक ५७५९ चा उल्लेख आहे कीं नाहीं तें पाहावें, आणि पुस्तिकेंत सांगितलेली जातच घ्यावी.

प्रमाणाविषयीं एक गैरसमज आहे. ‘कूलंट चांगलें, तर नुसतें कूलंटच कां भरूं नये?’ नुसतें ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता वाहून नेऊं शकत नाहीं आणि नुसतें भरल्यास इंजिन उलट अधिक तापतें. निम्में-निम्में हें प्रमाण उत्तम. डब्यावर ‘तयार मिश्रण’ असें लिहिलेलें असेल तर त्यांत पाणी मुळींच मिसळूं नये.

मिसळावयाचें पाणी बॅटरींत घालतात तें शुद्ध केलेलें असावें. तें वेळेवर न मिळाल्यास पावसाचें पाणी चालेल. मात्र पहिल्या दोन-तीन सरी वाहून जाऊं द्याव्यात, मग स्वच्छ भांड्यांत धरून जाड फडक्यांतून गाळून ठेवावें. खारपाणपट्ट्यांतील शेतकऱ्यानें पावसाळ्यांत असें पाणी दहा-वीस लिटर भरून ठेविलें तर वर्षाची चिंता मिटते.

रोजची व आठवड्याची पाहणी

सकाळीं, इंजिन थंड असतां, पाण्याची पातळी पाहावी. पातळी रोज उतरत असेल तर त्यास कारण आहेच. पाणी ओतून तें कारण झांकूं नये, शोधावें. नळ्यांचे सांधे, पंपाखालचें बारीक भोंक व रेडिएटरचा तळ यांवर ओल अथवा पांढरे-हिरवे डाग दिसतात का तें पाहावें. नळ्या बोटांनीं दाबून पाहाव्यात. भेगाळलेली किंवा लिबलिबीत झालेली नळी पेरणीपूर्वींच बदलावी.

डिपस्टिकवरील तेल ताकासारखें पांढुरकें दिसलें तर तेलांत पाणी शिरलें असें समजून इंजिन मुळींच सुरू करूं नये. धूर सतत पांढरा व गोडसर वासाचा येऊं लागला तर ग्लायकॉल जळत आहे, असें जाणावें.

पंख्याचा पट्टा मधोमध अंगठ्यानें दाबला असतां साधारण बोटाच्या जाडीइतका दबावा. हरभऱ्याची मळणी झाल्यावर किंवा धुळींत रोटाव्हेटर चालविल्यावर रेडिएटरच्या पत्र्यांत भुसा व धूळ बसते. ती इंजिनाच्या बाजूनें बाहेरच्या दिशेस, बेताच्या जोराच्या पाण्यानें वा हवेनें काढावी. जोराचा झोत मारल्यास पत्रे वाकतात.

तापमानाचा कांटा बंद असेल तर तो त्याच आठवड्यांत दुरुस्त करावा. पिकाची पाहणी न करतां उताऱ्यावर पीक लिहिणाऱ्याची जी योग्यता, तीच कांटा बंद ठेवून ट्रॅक्टर चालविणाऱ्याची. हें आम्ही स्वतःस उद्देशून लिहितों.

बदल करण्याची रीत

हें काम खरिपाच्या पूर्वीं, मे महिन्यांत, रिकाम्या दिवशीं करावें.

१. इंजिन पूर्ण थंड असावें. झांकण काढावें. खालीं रुंद तोंडाचें भांडें ठेवून रेडिएटरच्या तळाची तोटी व इंजिनाच्या बाजूस असलेला पाण्याचा बूच, असे दोन्ही उघडावेत. पुष्कळजण केवळ रेडिएटर रिकामा करतात. त्यामुळें इंजिनांतील जुनें पाणी तसेंच राहतें व नव्यांत मिसळतें.

२. दोन्ही बंद करून स्वच्छ गोडें पाणी भरावें, थर्मोस्टॅट उघडून वरची नळी गरम होईपर्यंत इंजिन मंद चालवावें, बंद करून चांगलें निवूं द्यावें आणि पाणी सोडावें. स्वच्छ पाणी बाहेर येईपर्यंत हें करावें. शेवटची खळबळ बॅटरीच्या पाण्याची असावी.

३. खवले पुष्कळ असल्यास लिंबाच्या सत्त्वासारख्या सौम्य आम्लाचें जें तयार द्रव्य या कामासाठीं मिळतें तें, डब्यावरील सूचनेप्रमाणेंच, वापरावें व नंतर अनेकदां धुवावें. संडास धुण्याचें आम्ल किंवा कॉस्टिक सोडा कदापि घालूं नये. पहिलें धातूस खातें, दुसरा अॅल्युमिनियम विरघळवितो.

४. भरतांना आधीं कूलंट, मग पाणी, हा क्रम ठेवावा. धुतलेल्या इंजिनांत कांहीं पाणी राहतेंच. आपल्या इंजिनाची धारणा १० लिटर असेल तर आधीं ५ लिटर मूळ कूलंट ओतावें आणि मग भरेपर्यंत पाणी. म्हणजे प्रमाण आपोआप निम्में राहतें.

५. हळूहळू ओतावें, म्हणजे हवा अडकत नाहीं. झांकण न लावतां इंजिन मंद चालवावें. वरची नळी गरम झाली कीं हवा निघून पातळी थोडी उतरते. ती भरून झांकण लावावें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुन्हां पाहावें.

६. तारीख, तास-मीटरचा आंकडा, कूलंटची जात व लिटर हें सर्व वहींत लिहावें आणि तारखेची चिठ्ठी रेडिएटरजवळ चिकटवावी.

कांहीं वर्ज्य गोष्टी

गळक्या रेडिएटरांत हळद घालण्याची युक्ति पुष्कळांस ठाऊक आहे. रस्त्यांत अडल्यास ती घरापर्यंत पोंचवील. परंतु तीच हळद बारीक नळ्यांत बसून पुढें इंजिन तापवील. घरीं आल्यावर रेडिएटर धुऊन डाग द्यावा.

इंजिन तापतें म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला कोणी देतात. तो घेऊं नये. पहारेकरी काढल्यानें चोर जात नाहीं. बिघडलेला थर्मोस्टॅट बदलावा.

इंजिन तापूं लागलें तर अवजार उचलून भार काढावा व कांहीं वेळ इंजिन मंद चालूं द्यावें. पट्टा तुटला असेल किंवा पाणी वाहून गेलें असेल तर मात्र तत्काळ बंद करावें. नंतर निदान तासभर झांकणास हात लावूं नये. लावतांना जाड कापड धरून, तोंड बाजूस ठेवून, पहिल्या खांचेपर्यंत फिरवावें व दाब निघून गेल्यावरच काढावें. तापल्या इंजिनांत थंड पाणी ओतूं नये. हीं वाक्यें आपल्या ड्रायव्हरास वाचून दाखवावींत. तो वाचूं शकत असला तरी मालकानें स्वतः वाचून दाखवावींत.

जुनें कूलंट हें विष आहे

एथिलीन ग्लायकॉल चवीस गोड आहे आणि पोटांत गेल्यास मूत्रपिंडें निकामी करून जीव घेतें. कुत्रें व वासरूं त्या गोडीस भुलून तें पितात. म्हणून काढलेलें कूलंट गोठ्याजवळ, विहिरीजवळ वा नालींत ओतूं नये. उघड्या भांड्यांत क्षणभरही ठेवूं नये. बुचाच्या डब्यांत भरून, त्यावर ‘विष’ असें मोठ्या अक्षरांत लिहून, वापरलेलें तेल जेथें जमा करतात अशा कारखान्यांत द्यावें. पिण्याच्या पाण्याच्या बाटलींत कूलंट साठविणें हा तर अक्षम्य निष्काळजीपणा होय. घरांत लहान मुलें असतात.

उपसंहार

कांहीं लिटर कूलंट व अर्ध्या दिवसाचें श्रम, एवढाच हा सगळा खर्च आहे. दुसऱ्या पारड्यांत हेड, लायनर, मिस्त्रीची मजुरी व हातचा वाफसा आहे. पैसा पुढच्या हंगामांत मिळवितां येईल, पण गेलेला वाफसा परत आणणारें कोणतेंही खातें सरकारांत नाहीं.

तो मुलगा आजही आमचा ट्रॅक्टर चालवितो. उन्हांत काम करतांना तो उजव्या हाताची बाही खालीं ओढून घेतो, कारण त्या कातडीस ऊन सोसत नाहीं. सकाळीं तो रेडिएटर पाहून पातळी सांगतो आणि आम्ही ती वहींत लिहितों. कांहीं कमी झालें असें तो म्हणाला तर आतां आम्ही ‘उन्हाळा आहे’ असें म्हणत नाहीं. चष्मा लावून त्याच्याबरोबर इंजिनाखालीं वाकतों. आमच्या वाचकांनीं हा शहाणपणा आमच्याहून स्वस्तांत घ्यावा, इतकीच विनंति करून हा लेख पुरा करतों.

— एक सेवानिवृत्त महसूल कारकून